बोदातले मास्तर

आमच्या घरात बारीक मूल जन्मलं तर लोक बघायला येतात. मी ज्या खुर्चीवर बसून हे लिहितोय ती सुताराने मुद्दाम माझ्या मापाने केली, आणि माप घेताना तो दोनदा 'बाप्पा' म्हणाला. तेव्हा जाड माणूस सुस्त असतो, मठ्ठ असतो, त्याच्याच्याने काम होत नाही, असं कोणी माझ्यासमोर बोललं तर मी वाद घालत नाही. त्याला बसवतो, चहा पाजतो आणि जानरावांची गोष्ट सांगतो. जानराव म्हणजे माझ्या पणजोबांचे वडील. आमच्याकडे ही गोष्ट प्रत्येक पिढीने सांगितली आहे आणि प्रत्येकाने तिला आपापला मीठमसाला लावला आहे. माझाही थोडा असणारच.

जानराव हिवरखेडचे. काळ्या जमिनीत ज्वारी आणि कापूस पिकवणारं खातंपितं कुणब्याचं घर. जन्मले तेच असे दणदणीत की सुईणीने आधी बाळाकडे पाहिलं, मग बाळाच्या आईकडे पाहिलं आणि बाईला हात जोडले. आईचं नाव पार्बताबाई. या माउलीला आयुष्यभर एकच काळजी होती, ती म्हणजे आपला जानराव वाळत चालला आहे. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवताना ती म्हणायची, "खाय रे बावा, पाह्य बरं कसा सुकला तू." धाकटा भाऊ चंद्रभान त्याच ताटात तेवढंच जेवायचा आणि तुरीच्या काडीसारखा राहायचा. म्हणून जेवणाला दोष देण्यात काही अर्थ नाही. कोणाच्या अंगी लागतं, कोणाच्या लागत नाही. पण हे जगाला कोण समजावणार?

पोरगा हुशार निघाला म्हणून त्याला अमरावतीला मामाकडे शिकायला ठेवला. तिथे सरकारी शाळा होती. पहिल्याच दिवशी मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांत मागे, दाराशी, मुलं जोडे काढतात तिथे बसवलं. "तू पुढे बसलास तर मागच्यांना फळा दिसायचा नाही," असं कारण दिलं. कारण अगदीच खोटं नव्हतं. पण मागे बसल्यावर जानरावांना फळा दिसेना, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग त्यांनी डोळ्यांचं काम कानांवर सोपवलं. मास्तर बोलत ते ऐकायचं, आणि अक्षर कसं असतं ते शेजारच्या मुलाला विचारायचं. शेजारचा सांगायचा, "अबे, ठ म्हंजे दांडीले टांगलेला लोटा. लोटा एकीकून फुटला का झाला ट." असं ऐकून ऐकून जानराव शिकले, आणि पाढ्यांत त्यांचा हात धरणारा शाळेत कोणी उरला नाही. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, अपूर्णांकांचे हे सगळे पाढे तोंडपाठ. आवाजही असा की दाराशी बसून म्हणत तरी रस्त्यावरचे बैल कान टवकारत.

त्यांच्या मनात एकच होतं, मास्तर व्हायचं. दुसरं काही नाही. शेती चंद्रभान बघत होता, आणि त्या दिवसांत वऱ्हाडात नव्या शाळा निघत होत्या. शाळा तपासायला पुण्याकडचे एक साहेब नेमले होते, त्यांना सगळे डिप्टीसाहेब म्हणत. अकोल्याच्या शाळेला मास्तर हवा होता, त्यासाठी डिप्टीसाहेबांनी अमरावतीत उमेदवारांना बोलावलं. जानराव धुतलेला अंगरखा आणि नवं पागोटं घालून गेले. रात्रभर एकोणतिसाचा पाढा घोकला होता, कारण तपासणीस तोच विचारतात असं सगळे म्हणत.

डिप्टीसाहेबांनी मान वर केली, जानरावांकडे पाहिलं आणि हातातली लेखणी खाली ठेवली.

"अहो, तुम्ही मास्तर कसे व्हाल?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट कीवच होती. "मुलं हसतील. ज्या मास्तराला मुलं हसतात त्याचा वचक राहत नाही. शिवाय स्थूल माणसाला दुपारी झोप येते, हा माझा अनुभव आहे. तुम्ही घरची शेती बघा."

झालं. पाढा नाही, वाचन नाही, नाव-गावसुद्धा धड विचारलं नाही. जानरावांच्या मागे देवीदास नावाचा तरुण उभा होता, सडपातळ, नाकीडोळी नीटस. त्याला पाहताच साहेबांचा चेहरा खुलला. अकोल्याची शाळा देवीदासला मिळाली. जानराव बाहेर येऊन ओट्यावर बसले आणि त्यांनी एकोणतिसाचा पाढा शेवटपर्यंत मनातल्या मनात म्हटला, कारण इतका तयार केलेला पाढा तसाच परत न्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. पुढे ते घरात नेहमी म्हणत, नाही म्हणाले त्याचं दुःख नाही, एक पाढा तरी विचारायचा होता.

हिवरखेडला परतायची लाज वाटली, म्हणून ते अकोल्याला गेले. ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि विलायतेच्या गिरण्यांना आमचा वऱ्हाडचा कापूस सोन्यासारखा वाटायला लागला. मोर्णा नदीच्या काठाने जिकडे पाहावं तिकडे गाड्या. झाडांना, कुंपणांना, बैलांच्या शिंगांना रुई चिकटलेली. न्हाव्याने वस्तरा ठेवला, सोनाराने फुंकणी ठेवली, आणि जो तो कापसाचा दलाल झाला. अशा गर्दीत एखाद्या वखारीत मुनिमाचं काम मिळेल म्हणून जानराव ताहेरसेठच्या वखारीत शिरले.

ताहेरसेठ लहानखुरा, चपळ, बोलका माणूस. त्याने जानरावांना पाहिलं आणि तो बसल्या जागेवरून उठला. डिप्टीसाहेबांनीही असंच वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं, पण ताहेरसेठच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता.

"या, या. अल्लानं पाठवलं तुमाले," तो म्हणाला.

"मले लिहिता-वाचता येते, सेठ," जानराव म्हणाले. "हिशेब येते, मोडी येते."

"ते येऊ द्या हो. पाय कसे हायेत? दुखत गिखत तं नाई?"

आता हे काय ते सांगायला हवं. तेव्हा अकोल्याला वाफेवर चालणारं दाबयंत्र आलं नव्हतं. रुई गाडीतून लांब न्यायची तर ती दाबून भरायला हवी, नाहीतर गाडीभर हवाच जाते. त्यासाठी तागाचं एक लांबलचक पोतं असे, त्याला बोद म्हणतात. तो बोद तोंड उघडं ठेवून लाकडी मांडवाला टांगायचा आणि आत एक माणूस उतरवायचा. वरून बाया टोपल्याने रुई टाकत आणि आतला माणूस ती पायाने तुडवत राही. सुरुवातीला तो बोदाच्या तळाशी असतो, बाहेरून त्याचं नखही दिसत नाही. रुई चढत जाते तसतसा तोही वर येतो, आधी पागोटं, मग तोंड, मग खांदे. शेवटी बोद भरला की तो वरून खाली उडी मारतो. बारीक माणूस दिवसभर नाचला तरी बोद पिळपिळीत राहायचा. आणि ताहेरसेठच्या दारात साक्षात जानराव उभे होते.

डिप्टीसाहेब काय आणि ताहेरसेठ काय, दोघांनीही नुसतं पाहिलंच, काय येतं ते विचारलं कोणीच नाही. जानरावांनी ते काम धरलं, कारण घरी जायचं नव्हतं आणि पोट होतं. पहिल्या दिवशी बोदाच्या तळाशी उतरल्यावर ते रडले, असं ते स्वतःच सांगत. आत अंधार, नाकातोंडात तंतू, आणि बघणारं कोणी नाही, म्हणून मनसोक्त रडून घेतलं. वरून टोपलीभर रुई डोक्यावर पडली तेव्हा थांबले.

तुडवायला ताल लागतो. शेजारच्या बोदातला गडी गाणं म्हणायचा. जानरावांना गाणं येत नव्हतं, म्हणून त्यांनी औटकी धरली. औट म्हणजे साडेतीन. डावा पाय टाकला की औट दुणे, उजवा टाकला की सात. औट त्रिक, साडेदहा. औट चोक, चौदा. पायांना ताल सापडला आणि बोद भराभर भरू लागला. खाली रुईतली काडी-पत्ती वेचणाऱ्या बाया बसत, त्यांनी आधी माना वळवल्या, मग एकमेकींना ढोसलं आणि हसल्या. दुपारपर्यंत त्यांच्यातल्या निम्म्या ओठांतल्या ओठांत औट पंचे साडेसतरा म्हणत होत्या. ताल असा असतो, तो कोणाची परवानगी मागत नाही.

या बायांची म्होरकी खुर्शीदबी. जिभेला धार आणि मनाने मऊ. तिने तिसऱ्या प्रहरी बोदावर थाप मारली.

"ओ मास्तर, हे काय म्हनून राहिले तुमी?"

मास्तर हा शब्द तिने थट्टेने वापरला होता. आतल्या माणसाचा ताल चुकला. मग म्हणाला, "पाढा आहे, बी. शिकाचा आहे काय?"

"आमी काय शिकतो आता? पन म्हना, काम बरं होते."

तिथून सुरुवात झाली. रोज नवा पाढा. बायांची पोरं वखारीतच खेळत, तीही म्हणायला लागली. पाढे झाले तेव्हा अक्षरं आली. तुम्ही म्हणाल, बोदाच्या आत उभा राहून माणूस अक्षर कसं शिकवणार? अहो, ज्याने स्वतः न बघता अक्षरं शिकली त्याला न दाखवता शिकवता येणारच. "दांडीले लोटा टांगा," असं बोदातून यायचं आणि बाया धुळीत बोटाने ठ काढायच्या. "लोटा फोडा," की ट. "एक काठी उभी, तिच्या बाजूनं हातात आकडा धरून उभी असलेली बुढी," की ग. मधूनच एखादी ओरडायची, "मास्तर, माही बुढी पडली," आणि बोदाच्या आतून हसू यायचं, तेव्हा सगळा बोद हलायचा.

इकडे देवीदासमास्तरांचं काय झालं ते ऐका. शाळेत मुलांना शिकवता शिकवता त्याचं लक्ष खिडकीबाहेरच्या गाड्यांवर असे. एक दिवस त्याने शाळेला कुलूप घातलं, किल्ली शेजाऱ्याकडे दिली आणि तो कापसाचा दलाल झाला. मी त्याला दोष देत नाही. अख्खा अकोला पिसाटला होता, त्यात एक मास्तर काय घेऊन बसलात. पण शाळा बंद पडली ती पडलीच. दुसरा मास्तर मिळेना, कारण लिहिता येणारा प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या वखारीत चिकटला होता.

डिप्टीसाहेब तपासणीला आले आणि कुलूप बघून कपाळाला हात लावून बसले. गावभर फिरले. शेवटी कोणीतरी सांगितलं की ताहेरसेठकडे दोन-तीन मुनीम आहेत, एखादा मागून बघा. म्हणून भर दुपारी साहेब वखारीत आले. ताहेरसेठने बाज टाकली, सरबत दिलं आणि मुनीम द्यायला गोड शब्दांत नकार दिला.

साहेबांनी पेला तोंडाला लावला आणि तसाच धरला. वखारीभर आवाज घुमत होता. बोदातून एक भरदार आवाज यायचा, "औट सत्ते," आणि खालून बाया, पोरं, गाडीवान, सगळे एका सुरात, "साडेचोवीस." मध्ये एक पोरगी चुकली, तर आवाज थांबला, म्हणाला, "कोन घसरलं? घाई नोको करू माय, पुन्ना घे." पोरीने पुन्हा घेतलं, बरोबर घेतलं, तेव्हा कुठे पाय पुढे पडले.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"आमचे मास्तर हायेत," ताहेरसेठ सहज म्हणाला.

साहेब उठून बोदापाशी गेले. आत कोणी दिसत नव्हतं, फक्त ताग आतून फुगत होता आणि बसत होता. साहेबांनी घसा खाकरला. "मास्तर, एकोणतिसाचा पाढा येतो का?"

जानरावांनी आवाज ओळखला. हा आवाज ते मेल्यावरसुद्धा विसरले नसते. पाय थांबले. ज्या प्रश्नासाठी ते अमरावतीला नवं पागोटं घालून गेले होते तो प्रश्न आत्ता, बोदाच्या आत, गुडघाभर रुईत उभं असताना आला होता. त्यांनी पाय टाकला.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी."

शेवटपर्यंत एकही अडखळ नाही. वरून बाया रुई टाकतच होत्या. साहेबांनी खाली पाहिलं तर खुर्शीदबीने धुळीत आपलं नाव काढलं होतं, वाकडंतिकडं, पण पुरतं.

"हिला कोणी शिकवलं?"

"यांनीच की," खुर्शीदबी म्हणाली. "दिसत नाई, पन शिकवते."

साहेब आता बोदाशीच बोलायला लागले. "अहो, इतका तयारीचा माणूस तुम्ही, इथे काय करताय? सरकारात अर्ज का नाही केलात?"

"केलता, साहेब."

"मग?"

"काई इचारलंच नाई."

साहेब खरोखर संतापले. शिक्षणाची त्यांना मनापासून तळमळ होती, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. "न विचारता परत पाठवलं? कोण गाढव होता तो?"

बोदात पाय पडतच राहिले. ताहेरसेठने पागोटं नीट केलं. रुई चढत होती आणि बोदाच्या तोंडाशी दुसऱ्या एका पागोट्याचं टोक दिसायला लागलं होतं.

"तो कोणी असो," साहेब म्हणाले, "मी चूक दुरुस्त करतो. सोमवारपासून अकोल्याची शाळा तुमची. इतक्या लोकांसमोर शब्द देतो."

इथे जानरावांना गप्प बसता आलं असतं. आमच्या घरातले अर्धे लोक म्हणतात, बसायला हवं होतं. पण ते म्हणाले, "साहेब, शब्द द्याच्या आदी मले एकदा पाहून घ्या."

"पाहायचं काय त्यात? मास्तर ऐकायचा असतो."

हे साहेबांचं वाक्य. स्वतःच्या तोंडाने बोलले. मग बाया हसू दाबत भराभर रुई टाकायला लागल्या, कारण पुढे काय होणार हे वखारीत सगळ्यांना कळलं होतं, एक साहेब सोडून. आधी पागोटं वर आलं. मग कपाळ, मग गोल चेहरा, घामाने निथळलेला, भुवयांना आणि मिशांना रुई चिकटलेली. मग खांदे, आणि खांद्यांनी बोदाचं तोंड भरून गेलं. जानराव साहेबांकडे बघत होते. साहेब जानरावांकडे बघत होते.

खुर्शीदबीला राहवेना. "गाढव कोन होता ते सांगतलंच नाई मास्तरांनी," ती म्हणाली.

"सांगायची गरज नाही," डिप्टीसाहेब हळू म्हणाले. "मला आठवलं." त्यांनी पगडी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. "शब्द दिला तो दिला. माझं चुकलं, मास्तर. पण खरं सांगू? मुलं हसतील, असं मला अजूनही वाटतं."

"मले बी वाटते," जानराव म्हणाले. ते थट्टेने म्हणाले नव्हते.

ताहेरसेठचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला. ऐन हंगामात त्याचा पहिल्या नंबरचा माणूस चालला होता. त्याने जानरावांना मजुरी वाढवून देतो म्हटलं, मुनीम करतो म्हटलं, जावई सोडून सगळं करतो म्हटलं. मास्तरकीपेक्षा बोद तुडवण्यात जास्त मिळत होतं हे जानरावांना ठाऊक होतं. त्यांनी बोदावरून खाली उडी मारली, सेठचे दोन्ही हात धरले आणि नाही म्हणून सांगितलं. सेठ थोडा वेळ फणफणला. मग नुकत्याच भरलेल्या बोदावर त्याने हात मारला. दगडासारखा टणक लागला. "घेऊन जा हे," तो म्हणाला. "शाळेची खुर्ची तुमच्यानं मोडते. हे मोडत नाई. तुमीच भरलं आहे."

कापूस सोन्याच्या मोलाने जात होता त्या दिवसांत एक अख्खा बोद बसायला दिला त्या माणसाने. पुढे अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, वाफेची यंत्रं आली आणि बोद तुडवणारे गेले. तेव्हा सेठ म्हणायचा, त्या हंगामातला तेवढाच बोद कामी आला. डिप्टीसाहेबांचंही सांगून टाकतो. त्यानंतर ते उमेदवारांची परीक्षा घेताना भिंतीकडे तोंड करून बसत. लोकांना वाटे साहेबांची मान धरली आहे. देवीदास दलालीत बुडून पुन्हा नोकरी मागायला आला, तेव्हा साहेबांच्या पाठीकडे बघत पाढा म्हणता म्हणता तो एकोणतीस चोकपाशी गारठला.

तो सोमवार सांगायचा राहिला.

पार्बताबाई हिवरखेडहून शिदोरी घेऊन आल्या होत्या. लेक मास्तर झालेला बघायचा होता. शाळेची खोली मुलांनी भरली होती, पुढे पेठेतल्या दुकानदारांची आणि कचेरीतल्या कारकुनांची मुलं, मागे वखारीतल्या बायांची पोरं. पार्बताबाई दाराशी, जोड्यांजवळ टेकल्या. जानराव आत शिरले, आणि दार क्षणभर पुरतं भरून गेलं. पुढच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं हसलं. मग सगळी पुढची रांग.

साहेब म्हणाले होते तेच झालं. ते सांगत, की त्या वेळी मला बोदात परत जावंसं वाटलं, त्या अंधारात, जिथे कोणी बघत नाही. ते वळले आणि आले तसे बाहेर गेले. मुलांना वाटलं, मास्तर पळाले. पार्बताबाईंनाही वाटलं, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

जानराव दाराबाहेर, भिंतीच्या आड उभे राहिले. अमरावतीच्या शाळेत त्यांची जागा अशीच दाराशी होती. त्यांनी डोळे मिटले, डावा पाय जमिनीवर आपटला आणि म्हणाले, "औट दुणे."

आतून, मागच्या रांगेतून, पोरांचा आवाज आला, "सात."

"औट त्रिक."

"साडेदहा." आता आवाज मोठा होता. वखारीतल्या पोरांनी आपला मास्तर ओळखला होता. पुढच्या मुलांनी मागे वळून पाहिलं, कारण मागच्यांना येतं आणि आपल्याला येत नाही हे कोणत्याच मुलाला खपत नाही. औट सत्तेपर्यंत तीही सामील झाली. भिंत दणाणायला लागली. औट नव्वे साडेएकतीस म्हणत म्हणत जानराव आत आले, पाय आपटत, तालात, आणि औट दाहे पस्तीसला ते आपल्या बोदावर बसले. बोद तसूभरही दबला नाही. कोणी हसलं नाही. सगळी मुलं तोंड उघडं टाकून पुढचा पाढा कुठला येतो याची वाट बघत होती.

जानरावांनी श्वास घेतला आणि खोलीवर नजर फिरवली. दाराशी त्यांना आई दिसली, शिदोरी मांडीवर घेऊन बसलेली.

"माय, तिथं नोको बसू," ते म्हणाले. "पुढे ये. माह्या शायेत जोड्यापाशी कोनी बसत नाई."

पार्बताबाई लाजल्या, उठल्या आणि पोरांमधून वाट काढत पहिल्या रांगेत येऊन बसल्या. डोळे पुसले. बोदावर ऐसपैस बसलेल्या लेकाकडे त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. मग शेजारच्या मुलाला कोपराने ढोसून हळूच विचारलं, "काहून रे, मास्तर वाळला नाई काय?"

मुलाने मास्तरांकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि विचार करून म्हणाला, "हाव आजी. थोडासा."